दुर्बीण घ्यायची कुणासाठी

जपानी शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्या मनानं काहीतरी शोधून त्याची वही करायची असते. मागच्या वर्षी लेकीची वही मीच केली. पुण्यात माझे सगळे तक्ते माझ्या आईनंच केले होते, कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. इथे मात्र बाकीच्या मुलांच्या वाकड्यातिकड्या चित्रांमध्ये आमची वही छापून आणल्यासारखी दिसत होती. बाई किंचित वाकून म्हणाल्या, "आईंनी फार सुंदर केलंय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर वर्षभर लेकीनं शाळेतलं काही मला दाखवलं नाही.

यंदा ती आपणहून म्हणाली, "मला चंद्र बघायचाय." इतकं बरं वाटलं मला! यंदाची वही तिचीच, मी बोटसुद्धा लावणार नाही, असं नवऱ्याला ठणकावून सांगितलं. दुर्बीण तेवढी मी बघते, म्हटलं.

मग काय! दिवसभर कामावर जेवणाचे डबे भरायचे आणि आमचं निशी-कसाई स्टेशन येईपर्यंत मेट्रोत उभ्या उभ्या फोनवर दुर्बिणी वाचायच्या. भिंग केवढं, स्टँड हलतो का, खोक्यावरचे आकडे कितपत खरे. डोक्याचं पार भजं झालं.

रविवारी दोघी दुकानात गेलो. तिथले म्हातारे विक्रेते माझ्याकडे न बघता खाली उकिडवे बसले आणि त्यांनी लेकीला विचारलं, काय बघायचंय? तिनं सांगितल्यावर त्यांनी टेबलावर ठेवायची एक छोटी, हलकी दुर्बीण आणली. लेकीनं ती स्वतःच फिरवून खिडकीबाहेरच्या इमारतीवरचं घड्याळ पकडलं. "मिएता!" दिसलं म्हणून ओरडलीच ती.

"एवढ्याशा नळीतून डोंबल दिसणार," मी म्हटलं. घ्यायची तर एकदाच, चांगली, शनीची कडी दाखवणारी. मोठी जड असते, मुलांना एकट्यानं लावता येत नाही, असं त्या दुकानातल्या आजोबांनी दोनदा सांगून पाहिलं. मी म्हटलं, मी आहे ना! आणि मोठी घेऊन आले. येताना कंबर धरली ती धरलीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला बाल्कनीसमोर चंद्र आला. कामावर आठ तास उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. नळी वर केली की स्टँड घसरायचा, चंद्र सापडला की निसटायचा. "हात लावू नकोस गं, हलतंय!" किती वेळा ओरडले देव जाणे. शेवटी सापडला एकदाचा. काय सांगू, खड्डे न् खड्डे दिसत होते! "ये लवकर, पण हात मागे!"

ती हात मागे बांधून आली, वाकली, क्षणभर बघितलं आणि आत निघाली.

"अगं, झालं एवढ्यात?"

"तूच बघ," ती जपानीत म्हणाली. "काय दिसतं ते सांग, मी लिहिते."

मी आत गेले तेव्हा ती वहीवर वाकून रंगवत होती. वर मोठ्या अक्षरांत नाव घातलं होतं. तेवढं जपानी मला वाचता येतं: 'आईची दुर्बीण'. खवचटपणा नव्हता त्यात, अगदी मन लावून लिहिलं होतं. खाली चित्रात नळीवर वाकलेली माझी पाठ होती, पानभर. चंद्र तिनं काढलाच नव्हता.