होडीचं बूच

जहाजावरची नोकरी संपवून गावी आलेल्या माझ्या थोरल्या भावाने भंडारदऱ्याच्या पाण्यात शिडाची बोट ठेवली, तेव्हा सगळं संगमनेर हसलं. हौसेला मोल नसतं म्हणत मीही हसलो. पण वहिनी गेल्यापासून वर्षभर खाटेवर पडून असलेला दादा बोटीसाठी पहाटे उठून दाढी करू लागला, तेव्हा माझं हसणं थांबलं.

माझा धंदा दुधासाठी स्टीलच्या टाक्या बनवण्याचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दादाने मला बोटीच्या मागच्या कठड्यावर डेव्हिट बसवायला बोलावलं. डेव्हिट म्हणजे बाहेर झुकलेले दोन वाकडे पाईप. पलीकडच्या उथळ काठावर मोठी बोट लागत नाही, तिथे उतरायला छोटी होडी लागते. एरवी ती या पाईपांना टांगून ठेवायची. दादा मापं सांगत होता, मी भोकं पाडून नट आवळत होतो. कितीतरी दिवसांनी तो मला शिव्या देत होता, आणि मला बरं वाटत होतं.

होडी टांगून झाल्यावर त्याने तिच्या बुडाचं रबरी बूच काढलं, दोरीला लोंबतं सोडलं आणि काठावर चहा सांगायला गेला. मी हत्यारं गोळा करत होतो. आमच्या धंद्यात शेवटी निघणाऱ्याने टाकीची तोटी बंद करायची असते, नाहीतर सकाळचं दूध गटारात जातं. तीस वर्षं माझा हात तेच करत आलाय. उघडं भोक दिसलं आणि मी अंगठ्याने बूच दाबून बसवलं. जित्याची खोड, दुसरं काय!

मग चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी आम्ही गेलो, तर होडी काठोकाठ भरली होती. त्या वजनाने कठडा मुळासकट उपटला होता, बोटीची मागची बाजू फाटली होती आणि निम्मी बोट पाण्याखाली होती. दादा गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने होडीचं बूड चाचपलं.

"बूच काढायचं राहिलं माझ्याच्यानं," तो म्हणाला. "होडी टांगली की बूच काढून ठेवायचं, पावसाचं पाणी निघून जातं. एवढ्या वर्षांत कधी इसरलो न्हाई."

ते भोक कशासाठी असतं हे मला तेव्हा कळलं. बूच मीच बसवलं होतं, हे उद्या सांगू म्हटलं. असे कितीतरी उद्या गेले, आणि मला स्वतःची किळस येते.

आमचे वडील शेवटी स्वतःच्या घराचं दार विसरले होते. दादाला वाटतं, आता त्याची पाळी आली. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, ते त्याला पटत नाही. मोटारसायकलची किल्ली त्याने माझ्या बायकोकडे दिली. जेवण झाल्यावर तिलाच विचारतो, मी जेवलो ना? बाकी वेळ पुन्हा खाटेवर.

परवा त्याने मला जवळ बसवलं.

"तू हुतास ना तिथं? खरं सांग, मी बूच काढलं हुतं का रं? मला काढल्यागत आठवतंय."

"नाही दादा," मी म्हणालो. "नव्हतं काढलंस."

त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.