रागाची चौकशी करणारे साडू

संतापलेल्या माणसाची आस्थेनं चौकशी करणारा इसम अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत. इतवारीत एका हातगाडीवाल्यानं आणि टेंपोवाल्यानं एकमेकांची गचांडी धरली, तेव्हा लोक बाजूला झाले आणि आमचे साडू मधे शिरले. भांडण सोडवायला नव्हे, "हात उगारायच्या क्षणभर आधी नेमकं काय वाटलं?" हे विचारायला. दोघांनी मिळून त्यांचा चष्मा फोडला. "बघा, एकजूट झाली की नाही!" असं म्हणत साडू काचा वेचत होते.

सत्तरच्या दशकात मी ज्या रिमांड होममध्ये कारकून होतो, तिथे ते दर शनिवारी दुपारी फुकट यायचे. मारहाण, चाकूबाजी करून आलेली आठ पोरं गोल बसवायची आणि प्रत्येकाला स्वतःच्या रागाबद्दल बोलतं करायचं, हा त्यांचा उपचार. पोरं खुर्च्या फेकायची, म्हणून साडूंनी घरची सतरंजी आणली. पोरांनी ती फाडली. वर्षभर कोणी धड बोललं नाही. मग उमरेडच्या एका विणकराचा पोरगा, बापाचा हात मोडून आलेला, एकाएकी म्हणाला, "सर, मारायच्या पहिले मले काहीच ऐकू येत नाही. सारं चूप होऊन जाते." साडूंनी त्या दिवशी शिपायासकट सगळ्यांना जिलबी वाटली. पुढे कित्येक शनिवार त्या चूप होण्यावरच बोलणं चाललं. तसं झालं की तिथून निघून जायचं, असं दोघांचं ठरलं. त्याला घरी सोडण्याची शिफारसही साडूंनीच लिहिली. टाइप मी केली.

दोन महिन्यांत पोलिसांनी पोराला परत आणलं. या खेपेस बाप वाचला नव्हता.

साडू धावत आले. पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, चूप झालं ते मले समजलं. आता निघून जा लागते, हे बी समजलं. पन बुढा दारातच उभा होता. काहून उभा होता तो?"

साडूंनी नुसता त्याचा हात धरून ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोराशी इतकं बोललो. बापाला एकदाही भेटलो नाही हो. उमरेड काय लांब आहे?"

पुढच्या शनिवारी ते आले. पोरं गोल बसली. साडूंचा आवाज मात्र इतका खाली गेला होता, की पोरंच आपणहून पुढे सरकून बसली.