आभार मानणाऱ्या बाई

आमच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांना परदेशातल्या खेड्यांत पाण्या-विजेची कामं करायला पाठवणारा एक विभाग आहे. तिथल्या हेडक्लार्क बाई सदाशिव पेठेतून स्कूटरवर येतात आणि कुणालाही 'बसा' म्हणत नाहीत. "खुर्ची दिसतेय ना?" एवढंच. मी मेकॅनिकलला शिकवतो. इतक्या वर्षांत मलाही त्यांनी याहून जास्त मान दिलेला नाही.

परवा विभागाला नवे संचालक मिळाले. शाल, श्रीफळ आणि चार भाषणं झाली. प्रत्येकात 'जागतिक' हा शब्द होताच. शेवटी आभार मानायला बाई उठल्या. "सगळ्यांचे आभार," म्हणाल्या आणि पर्समधून एक कागद काढला. "आता नेपाळमधल्या एका शाळेचं पत्र वाचते. आपण बसवलेला पंप सात महिने बंद आहे. मुली पुन्हा ओढ्यावरून पाणी आणतात."

तो पंप माझ्या डिझाइनचा. मी छताकडे पाहू लागलो.

"अहो बाई, हे नंतर," कुलसचिव पुटपुटले.

"नंतरच चाललंय, सर. आधीचे साहेब याच पत्रावर चहाचा कप ठेवायचे."

हशा पिकला. नवे संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी शाल काढून ठेवली, पत्र मागून घेतलं आणि त्यावरचा फोन नंबर शोधला. "आत्ताच लावू या. तिकडे किती वाजले असतील?"

"ते आपल्या पंधरा मिनिटं पुढे आहेत," बाई म्हणाल्या. "आपण किती मागे आहोत, ते तुम्ही बघा."