परतीची फेरी

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही आयर्लंडमधल्या आमच्या ॲथलोनहून निघालो ते 'युरोप' बघायला. इथे राहणारी आपली सगळी माणसं असंच म्हणतात. आयर्लंडही युरोपातच आहे हे शाळेत शिकलेलं आम्ही केव्हाच विसरलो. युरोप म्हणजे बोटीच्या पलीकडचं. गाडी बोटीत घालायची, फ्रान्समध्ये उतरायचं, मग बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड असं फिरून पॅरिसवरून परत. सोळा दिवस. गाडीत मी, माझी बायको मंजिरी, आणि मागच्या सीटवर तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले आई-बाबा.

या प्रवासाचं नियोजन मी चार महिने करत होतो. माझ्या एक्सेल फाइलमध्ये नऊ पानं होती. कुठल्या गावात शाकाहारी जेवण मिळेल, पार्किंग कुठे, फ्रान्समध्ये उजव्या बाजूने चालवायचं म्हणून हेडलाइटवर कुठल्या पट्ट्या चिकटवायच्या, सगळं. नवन गावातल्या आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर त्या फाइलबद्दल सांगितल्यावर पंधरा जणांनी ती मागून घेतली, आणि मी थोडा फुगलोही होतो.

बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटणार, कोण नेणार, वाटेत बंद पडली तर मागून कुठली पाठवायची, यात त्यांची चौतीस वर्षं गेली. मी लॅपटॉप दाखवायचो तेव्हा ते चष्मा पुसून नऊच्या नऊ पानं नीट वाचायचे आणि दर वेळी एकच विचारायचे.

"परतीची फेरी कुठी लिहिली हाय?"

"शेवटच्या पानावर आहे, बाबा."

"आम्ही आधी परतीची लिहो. मंग जायाची. गाडी घरी येते का नाही ते आधी पाहाचं."

मी हसायचो. शेवटच्या पानावर बोटीची वेळ होती, बाकी काही नव्हतं. बाबा आपल्या खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी टिपून घ्यायचे, ते मी कधी विचारलंही नाही.

ॲथलोनपासून रॉसलेअर बंदर तीन तासांवर. कार्लोच्या पुढे ऊन पडलं. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांवर पांढरी फुलं होती आणि आई प्रत्येक गाईकडे बघून म्हणत होती, "पाह्य, कशी गुबगुबीत हाय." तिने चार देशांना पुरतील इतक्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. एनिस्कॉर्थीला नदीकाठी थांबून आम्ही पहिल्या देशाच्या वाटणीचं तिथेच संपवलं.

बंदरावर गाड्यांच्या रांगा होत्या. खिडकीतल्या बाईने चार पासपोर्ट घेतले. माझा आणि मंजिरीचा लगेच परत दिला. आई-बाबांचे मात्र तिने उलटसुलट पाहिले.

"फ्रान्सचा व्हिसा ग्रँड आहे," ती म्हणाली. इथे 'ठीक' म्हणायला सगळे ग्रँडच म्हणतात. "पण यांचा आयर्लंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे, आणि तो वापरून झालाय. मी तुम्हाला बोटीत सोडीन हो, पण येताना तिकडे यांना कोणी बोटीत चढू देणार नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

सांगायला कोण येणार होतं? आई-बाबांचा अर्ज मीच भरला होता. आमच्यात पद्धतच ती: आई-वडिलांचे अर्ज मुलगा इथे बसून भरतो, ते तिकडे फक्त सह्या करतात. ग्रुपवर कोणीतरी म्हणालं होतं, एका प्रवेशाचा मागितला की व्हिसा लवकर येतो. भारतातून येणार, भारतात जाणार, म्हणजे एकच खेप, असा मी हिशेब केला. बोटीच्या पलीकडे जाऊन आलो की तो दुसरा प्रवेश ठरतो, हे माझ्या नऊ पानांत कुठेच नव्हतं. मला इथे येऊन आठ वर्षं झाली, आणि या देशातून बाहेर जाऊन परत येताना मला कोणी अडवत नाही, म्हणून कोणालाच अडवत नसतील असं मी धरून चाललो.

हे सगळं एका क्षणात लक्षात आलं. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, मंजिरी माझ्याकडे बघत होती. आणि मी त्या बाईला इंग्रजीत म्हणालो, "माझ्या वडिलांनी भारतात स्वतःच अर्ज भरला. त्यांचं वय झालंय, त्यांना नीट कळलं नसणार."

का म्हणालो? ती बाई मला ओळखत नव्हती, पुन्हा भेटणारही नव्हती. तिच्यापुढे मी मूर्ख दिसू नये, एवढ्यासाठी म्हणालो. वर बाबांना माझं भरभर इंग्रजी कळणार नाही, असंही वाटलं. चौतीस वर्षं इंग्रजी परिपत्रकं वाचलेला माणूस.

मागच्या सीटवरून बाबा थोडे पुढे झुकले आणि खिडकीकडे बघून स्वच्छ म्हणाले, "येस मॅडम. माय मिस्टेक. सॉरी फॉर ट्रबल."

"अहो, होतं असं," ती बाई हळू आवाजात म्हणाली आणि आम्हाला बाहेर पडायची वाट दाखवली.

बंदराबाहेरच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. अर्जाच्या वेळी मंजिरी माझ्या शेजारीच बसलेली होती. तिने माझ्याकडे न बघता पट्टा सोडला आणि ती खाली उतरली, ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. आई विचारत होती, "काय झालं? काहून फिरलो आपन?" बाबा म्हणाले, "कागदात चूक झाली, ना. समुद्र इकडूनही दिसतेच." मग उतरून त्यांनी पंपाच्या दुकानातून आयर्लंडचा छापील नकाशा आणला, बॉनेटवर पसरला आणि माझ्याकडे पेन मागितलं.

पहिली रेघ त्यांनी ॲथलोनला येणाऱ्या रस्त्यावर मारली. "शुक्रवारी घरी. आता मांगं मांगं मोजू."

त्या नकाशावर आम्ही सहा दिवस फिरलो. हूकच्या जुन्या दीपगृहापाशी आईने वाऱ्यात पदर सांभाळत दशम्या वाटल्या. डंगारव्हनजवळ एका घरगुती मुक्कामात मालकीणबाईने सोडा ब्रेड (सोडा घालून भाजलेला जाड, भुरका पाव) दिला. आईने त्याला चटणी लावून बाईंनाच खायला घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी आणखी एक तुकडा मागितला. सगळे हसले. मीही हसलो, पण बाबांकडे न बघता.

डिंगलच्या अलीकडे मी मोबाइलचं ऐकून बोरीनमध्ये (शेतातून जाणारी अरुंद गल्ली) गाडी घातली. दोन्ही बाजूंना काटेरी जाळी आणि समोर ट्रॅक्टर. मला मागे घेता येईना. बाबा उतरले, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पत्र्यावर थापा मारू लागले. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं मार... येऊ द्या... बस." पाऊण मैल त्यांनी मला तसं मागे नेलं. ट्रॅक्टरवाला शेतकरी खाली उतरून मला म्हणाला, "युअर मॅनने हे आधी केलेलं दिसतंय." युअर मॅन म्हणजे हा समोरचा गडी.

"माझे वडील आहेत," मी म्हणालो.

गाडीत बसताना बाबांनी मला डायरी दिली. "पुढचे मुक्काम लिहिले हायेत. फोन बंद ठेव." मी पानं उलटत होतो, तर मधेच अर्जाच्या दिवसांतलं एक पान लागलं. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'अर्जात सिंगल एंट्री (एकच प्रवेश) लिहिले आहे. युरोपहून परतीच्या वेळी अडचण येईल का? प्रशांतला विचारणे.' खाली दुसऱ्या शाईत: 'फोनवर विचारले. तो बघतो म्हणाला.'

प्रशांत म्हणजे मी. मला तो फोन आठवला. मी मीटिंगमध्ये होतो. "बाबा, मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करत जा," असं म्हणालो होतो. बंदरावर ही डायरी त्यांच्या खिशात होती. ती काढून त्या खिडकीत ठेवली असती तरी चाललं असतं. त्यांनी मला, चाळीस वर्षांच्या घोड्याला, तिथे उघडं पडू दिलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी त्या दिवशी मी काही बोललो नाही. गॉलवेलाही नाही, कासलबारलाही नाही. रोज सकाळी ठरवायचो, आणि रोज त्यांना फक्त 'चहा घेता का' विचारायचो.

शुक्रवारी संध्याकाळी, रेघ मारली होती त्याप्रमाणे, आम्ही ॲथलोनला पोचलो. रविवारी नवनची मंडळी जेवायला आली. फाइल मागून घेतलेले सगळे होते. कोणीतरी विचारलं, "काय रे, स्वित्झर्लंडचं काय झालं?"

बाबांनी ताटातला हात थांबवला. "ते माह्याच हातून अर्जात..."

"अर्ज मी भरला होता," मी म्हणालो. "बाबांनी मला विचारलंही होतं. मी लक्ष दिलं नाही. आणि बंदरावर मी त्यांच्यावर ढकललं."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि तिला आठ दिवसांनी सगळं कळलं. मंजिरीने पोळ्यांचा डबा पुढे सरकवला.

प्रवासातून माणूस काय शिकतो, असं लिहिण्याची पद्धत आहे. मी पाच देशांचे रस्ते पाठ केले होते, आणि घरातल्या माणसाचा एक प्रश्न ऐकायला मला वेळ नव्हता, एवढंच मी सांगू शकतो. पाहुणे गेल्यावर मी बाबांकडून डायरी मागितली. ते पान काढलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: 'बघितले नाही. चूक माझी.' खाली सही केली.

बाबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि डायरी पुन्हा माझ्यापुढे केली.

"तारीख टाक," ते म्हणाले.