अनवाणी ट्रॉलीत

माझ्या जन्माआधी आई वणीच्या देवीला नवस बोलली होती: मूल झालं तर अनवाणी पायऱ्या चढून येईन. मूल झालं, म्हणजे मी. पायऱ्या मात्र राहून गेल्या. कधी भातलावणी, कधी बाबांची भिवंडीतल्या लूमवरची ड्युटी, आणि मग आईच्या गुडघ्यांनीच संप पुकारला. न फेडलेला नवस तिला टोचत राहिला. मला साधं पडसं झालं तरी ती घाबरून म्हणायची, "देवी आठवन करून देते."

शेवटी बाबांनीच ठरवलं. देवीच्या गडावर आता रुळांवरून ट्रॉली जाते, तिच्यातून जायचं. आई आमच्या गावाहून, वडप्याहून, निघाली ती तोंड फुगवूनच. खालच्या स्टेशनात तिनं चपला काढून पिशवीत कोंबल्या आणि ट्रॉलीत बसायला साफ नकार दिला.

"बसून कसला नवस? उभ्यानं तरी जाते."

दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर ती उभी राहिली. डोळे गच्च मिटलेले. डोंगर बघून मजा वाटली तर तेही देवीला खपायचं नाही, असा तिचा हिशेब. मी आणि बाबा मात्र खिडकीला नाक लावून होतो. ट्रॉली कडा चढू लागली, खालची घरं काडेपेटीएवढी झाली, आणि मला भारी मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

अठरा हातांची शेंदरी देवी समोर आली तेव्हा आईनं नुसते कान पकडले. मग बाबा पुढे झाले. सगळी उमर लूमच्या खडखडाटात गेल्यानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि त्यांची कुजबुज म्हणजे आपली आरोळी. ते हात जोडून कुजबुजले:

"हिला मीच आनली ट्रालीनं. पाय दुखतान तिचे. काय राग धरायचा तं माज्यावर धर, पोरीवर नको. हिचा नवस पुरा झाला म्हन."

सगळी रांग हसली. मागून एक बाई म्हणाली, "झाला हो बाबा, पुरा झाला!" बाबांना ते ऐकूच गेलं नाही. ते आपले देवीच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत उभे. आई पदरात तोंड लपवून हसत होती, रडतही होती. मला दोघंही तेव्हा फार आवडली.

परतीची ट्रॉली लागली. आईनं पिशवीतून चपला काढून पायात घातल्या, गर्दीतून वाट काढत खिडकी गाठली आणि बाबांच्या कानाशी ओरडली, "सरका तिकडं! माला डोंगर बगायचाय."