वज्रपाणी की मृगांक?

या, चहा घेता घेता ऐका! माझ्याच मूर्खपणाची गोष्ट सांगायलोय. हसू आलं तर तोंडावर हसा, मागं न्हाई!

निजामाचं राज्य होतं. मी गंगाखेडचा, नुकताच कचेरीत चिकटलेला. परभणीच्या एका वकीलसाहेबांची यमुना मला लय आवडली होती. पण आधी वकीलसाहेब पटायला पाहिजेत ना? ते वाचनालयाचे अध्यक्ष, आणि रहस्यकथा लिहिणाऱ्या वज्रपाणीचे परमभक्त! दुसरा लेखक मृगांक. त्याचं नाव काढलं की यांच्या कपाळाला आठ्या.

मी वाचनालयातून दोघांचं एकेक पुस्तक आणलं. वज्रपाणीचं 'सिंहासनाखाली सुरुंग' आणि मृगांकचं 'मोत्यांचा हार'.

आता खरं सांगू? 'हार' वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला पत्ता न्हाई! आणि 'सुरुंग'? पानोपानी नायिका रडायलीय! मला दोनदा झोप लागली. बरं, हारात सुरुंग निघाला अन् सुरुंगात हार. म्हणलं, रहस्यकथाय बाबा, असंल काहीतरी रहस्य!

पण साहित्य मोठं का सोयरीक?

वकीलसाहेब सुपारी कातरत बसले होते. "बोला, कोण मोठा?"

"वज्रपाणीच, साहेब! नायिकेचं ते रडणं! वाक्यावाक्याला पाझर! न्हाईतर तो मृगांक. नुसती घोड्यांची पळापळ. तो बुरुजावरचा प्रसंग तर निव्वळ पोरकट!"

अडकित्ता थांबला. "बुरुजावरचा? पोरकट?"

"एकदम! त्याला कुणीतरी लेखणी धरायला शिकवा!"

दाराआड बांगड्या वाजल्या. कुणीतरी हसू दाबायलं होतं.

"अहो शहाणे," वकीलसाहेब कडाडले, "ते सुरुंगाचं नाव ऐकून पोलिसांचे अमीनसाहेब जप्तीला येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे अदलाबदल केले. अमीनसाहेबांनी 'सुरुंग' वाचून घेतला, नायिकेसाठी रुमाल काढला, अन् गेले. तुमी ज्याला लेखणी धरायला शिकवायलात ना, तो माझा वज्रपाणी!"

हाय रे कर्मा! मनातलं खरं बोललो असतो, तर तिथंच पेढे वाटले असते!

"उठा," वकीलसाहेब म्हणाले.

मी टोपी शोधायलो, तेवढ्यात दाराआडून यमुना बोलली, "बाबा, मला हेच स्थळ पाहिजे."

"अगं, याला आतलं काय कळतंय?"

"म्हणून तर! वर जे नाव असंल त्यावर मान डोलावतात. पिठलं वाढून बासुंदी म्हणलं तरी 'वा!' म्हणतील. असा नवरा दिवा घेऊन हुडकला तरी भेटंल का?"

झालं लग्न.

काय म्हणलात? चहा पाणचट लागायलाय? गप बसा, ती आत ऐकायलीय! दुधाचा म्हणून पाठवलाय ना, मग दुधाचाच हाय. म्हणा, 'वा!'