दर्यापूरचं छत आणि कलम सात

“...घरातील उष्णता बाहेर जाऊ नये, यासाठी घरमालकाने केलेला खर्च,” सचिवांनी कलम सात वाचून संपवलं आणि रुमालाने मान पुसली.

मे महिना होता. अमरावतीच्या विश्रामगृहातल्या हॉलमधले कूलर नुकतेच बंद झाले होते, कारण लोडशेडिंगची वेळ सुरू झाली होती. टेबलाभोवती खासदारांची समिती बसली होती आणि त्यांच्यासमोर साक्ष द्यायला मी उभी होते. मी तेव्हा तिथल्या तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकवायचे. घरं थंड कशी ठेवावीत हा माझा विषय.

“मॅडम, आपलं मत?” अध्यक्षांनी हिंदीत विचारलं.

“सर, घरातली उष्णता बाहेर जावी म्हणून आम्ही वर्षातले आठ महिने धडपडतो. ती आतच ठेवली तर आयकरात सूट मिळेल, असं या कलमात लिहिलंय.”

सचिवांनी कलम पुन्हा मनात वाचलं. मग बाजूच्या इंग्रजी प्रतीत पाहिलं. तिथेही तेच होतं. मसुदा कुठल्या तरी थंड देशाच्या कायद्यावरून उतरवला होता आणि दिल्लीत तो हिवाळ्यात लिहिला गेला असावा. अध्यक्ष स्वतः डोंगराळ भागातून निवडून आलेले. त्यांच्याकडे जानेवारीत नळाचं पाणी गोठतं. त्यांना कलमात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

विषय होता रेट्रोफिटिंगचा. म्हणजे उभं घर न पाडता त्यात असे बदल करायचे, की पंखा, कूलर, हीटर यांना वीज कमी लागेल. असा खर्च करणाऱ्याला करात सवलत द्यावी का, यावर समिती देशभर फिरून लोकांची मतं घेत होती.

समितीत एक वकील होते. त्यांनी मुद्दा काढला की मुळात ‘उष्णता’ या शब्दाची व्याख्याच मसुद्यात नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते, पण उष्णता म्हणजे काय यावर एकमत होईना.

मला खरी काळजी पुढच्या ओळीची होती. सवलत फक्त ‘मान्यताप्राप्त कारखान्यात तयार झालेल्या साहित्याला’ मिळणार होती. म्हणजे फोमच्या तयार शीट्सना. आमच्याकडे वर्षानुवर्षं केलं जाणारं छताचं काम त्यात बसत नव्हतं. हे काम साधं असतं. स्लॅबवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर द्यायचा, तो ठोकून घट्ट करायचा, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचे. ऊन पांढऱ्यावरून परत फिरतं, उरलेलं थरात अडकतं.

दर्यापूरचे जब्बारभाई या कामातले उस्ताद. त्यांच्या हाताखाली चार गवंडी होते. त्या वर्षांत आमच्या भागात नवी घरं जवळजवळ उठतच नव्हती. सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, घर कोण बांधणार? छताची दुरुस्ती तेवढी उरली होती. सरकारने शीट्सना सूट दिली असती तर तीही गेली असती.

मी प्राचार्य तायडे सरांना आधीच म्हटलं होतं, की जब्बारभाईंना साक्षीला नेऊ. सर म्हणाले, “मॅडम, समितीपुढे गवंडी न्यायचा नसतो. स्लाइड न्यायची असते.” म्हणून मी बत्तीस स्लाइड नेल्या होत्या. वीज नसल्यामुळे एकही दाखवता आली नाही.

शेवटी सचिवांनीच सुचवलं, की दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाताना समितीने दर्यापूरला दोन घरं पाहावीत. एक शीटचं, एक चुन्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सहा गाड्या दर्यापुरात शिरल्या. चौकात शंभरेक माणसं हातात अर्ज घेऊन उभी होती. त्या दिवसांत वऱ्हाडात समित्या सारख्या यायच्या. लोकांना वाटलं, ही कापसाची समिती. गाड्या न थांबता पुढे गेल्या, तशी माणसंही मागे चालू लागली.

पहिलं घर एका डॉक्टरांचं. शीट बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी टाय लावून दारात उभा होता. त्याने स्लॅबला आतून शीट्स लावल्या होत्या. एसी चालू असता तर ते घर खरंच थंड राहिलं असतं. पण वीज सकाळीच गेली होती, आणि स्लॅबखाली शिरलेली गरमी आता शीट्समुळे बाहेर पडायला तयार नव्हती. प्रतिनिधीने बॅटरीवर लॅपटॉप उघडला. सातव्या मिनिटाला लॅपटॉप बंद पडला. आठव्या मिनिटाला समिती रस्त्यावर होती.

“ये आपके कलम सात का घर है, सर,” मी म्हणाले. तायडे सरांनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले.

दुसरं घर शांताबाई वानखडेंचं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर जब्बारभाईंचं छत. शांताबाईंनी सतरंज्या अंथरल्या होत्या आणि मोठ्या गंजात ताक करून ठेवलं होतं. सगळ्यांनी दोन-दोन ग्लास घेतले. अध्यक्षांनी भिंतीला पाठ टेकली. वकीलसाहेबांनी छत हा ‘घराचा भाग’ मानावा की ‘घरावरील बांधकाम’, हा मुद्दा मांडायला सुरुवात केली.

मी स्लाइडचे छापील कागद काढले आणि पहिल्यापासून समजावू लागले. तिसऱ्या कागदावर मला जाणवलं, की वकीलसाहेब मला अडवत नाहीयेत. मान वर करून पाहिलं. ते झोपले होते. अध्यक्षही झोपले होते. एक खासदार उशी नाही म्हणून फाइलवर डोकं ठेवून आडवे झाले होते.

“चालू ठेवा,” तायडे सर कुजबुजले.

“कोणासाठी, सर?”

“बरं, थांबा मग.”

जब्बारभाई दारात उभे होते. ठेवणीतला पांढरा सदरा घालून आले होते. त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, हे त झोपून राहिले. काम गेलं आपलं.”

मलाही तेच वाटत होतं. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. आतून घोरण्याचा आवाज येत होता. अंगणात अर्जवाले लोक कडुनिंबाखाली बसले होते. त्यांना मी खरी गोष्ट सांगितली, पण कोणी उठलं नाही. एक जण म्हणाला, “आमी थांबतो. उठतीन त खरे.”

अध्यक्ष दीड तासाने उठले. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळेना. “बिजली आ गई?” त्यांनी विचारलं.

“लाइन कुठची जी,” शांताबाई म्हणाल्या. “लाइन संध्याकाळी येते.”

अध्यक्षांनी वर पाहिलं. पंखा स्थिर होता. त्यांनी हात लांब करून सिमेंटच्या भिंतीला, मग जमिनीला लावला. “ऊपर क्या है?”

जब्बारभाई त्यांना लोखंडी शिडीने छतावर घेऊन गेले. मी मागोमाग. साडेतीनचं ऊन होतं. जब्बारभाई त्या पांढऱ्या तुकड्यांवर अनवाणी उभे राहिले. अध्यक्षांनी आधी तळहात टेकवून पाहिला. मग बूट काढले, मोजे काढले, आणि चार पावलं चालले. खाली येऊन त्यांनी समितीला जागं केलं.

वकीलसाहेब डोळे चोळत म्हणाले, “पण या छताला कुठल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे?”

“लिखिए,” अध्यक्ष सचिवांना म्हणाले, “समितीने या छताची स्वतः तपासणी केली.”

“कोणत्या पद्धतीने, सर?”

अध्यक्षांनी थोडा विचार केला. “प्रत्यक्ष वास्तव्य करून.”

सचिवांनी तसंच लिहून घेतलं.

निघायची वेळ झाली तेव्हा शांताबाई पुढे आल्या. “झोप झाली ना, साहेब? आता कापसाचं बोला. अंगणात लोक बसून राहिले.”

मी हिंदीत सांगितलं. अध्यक्ष ओशाळले. म्हणाले, आमची समिती कर आणि घरांच्या ऊर्जेची, कापूस आमच्या अखत्यारीत येत नाही. मी ते शांताबाईंना मराठीत सांगितलं.

“त मंग ज्याइच्या अखत्यारीत येते, ते कुठं झोपून राहिले?”

याचं सौम्य भाषांतर कसं करावं, याचे शब्द मी शोधत होते. अध्यक्ष म्हणाले, “रहने दीजिए मॅडम, समझ गया.” ते अंगणात गेले आणि एकेक अर्ज हातात घेतला. गाड्या निघाल्या तेव्हा पाच वाजले होते.

समितीचा अहवाल काही महिन्यांनी आला. कलम सातमध्ये ‘उष्णता घरात शिरू नये किंवा बाहेर जाऊ नये’ अशी दुरुस्ती सुचवली होती. ‘स्थानिक कारागिराने केलेले छताचे काम’ हे शब्दही आले होते. ‘प्रत्यक्ष वास्तव्य’ तसंच छापलं होतं. शेवटी परिशिष्ट होतं, ‘घरगुती ऊर्जेबाबत नागरिकांच्या सूचना’. त्यात कापसाचे सगळे अर्ज लावले होते.

विधेयक मात्र मंजूर झालं नाही. त्या लोकसभेची मुदत संपली, तसा मसुदाही संपला. पण दर्यापुरात जब्बारभाईंना काम मिळू लागलं. लोक येऊन सांगायचे, “भाऊ, आमच्या घरी ते कमिटी झोपली तसं छत टाकून द्या.” त्यांनी नंतर दोन गवंडी वाढवले.

पुढे नोकरीत मी आणखी दोनदा समित्यांपुढे साक्ष दिली. दोन्ही वेळा एसी हॉल होता. माझ्या सगळ्या स्लाइड दाखवून झाल्या, सगळे सदस्य शेवटपर्यंत जागे होते, आणि मसुद्यातला एक शब्दही बदलला नाही.